मैनेची उजवी बाजू

३ जानेवारी, शुक्रवार

शाळेत आज बालिका दिन. नव्या मुख्याध्यापिकेचा फोन आला होता — मॅडम, या ना, मुलींपुढे दोन शब्द बोला. काय बोलू? मुलींनो, शिका, नोकरी करा, निवृत्त व्हा आणि मग नवऱ्याच्या घोड्यांची लीद काढा? नाही गेले. पाठ दुखते असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

कप्तानचं एक बरं. म्हातारा घोडा, एका डोळ्याने आंधळा, ठेवला तिथे उभा राहतो. मैना मात्र भर उमेदीतली, अंगात नुसतं वारं! दिवाळीत ह्यांना लकवा झाला, डावी बाजू गेली, तेव्हापासून खरारा, चंदी, पाणी, सकाळची फेरी सगळं माझ्या गळ्यात. ज्या घोडीला जन्मात हात लावू दिला नाही, तिची शेपटी आता मी विंचरते.

विक्की पुण्याहून फोनवर एकच धोशा लावतो — विकून टाक आई. हे खाटेवरून ओरडतात, "मी जिवंत हाओ तोवर मैना दारातून जाणार नाई!" मला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर मीही विका म्हटलं असतं.

५ जानेवारी

खाट खिडकीला लावून घेतली. आता तिथून हुकूम सुटतात. "आधी चालव. मंग जरा पळव. घामावर पाणी नको पाजू. अन् बसाचं नाई कोणी तिच्यावर! हातानंच फिरवाचं."

बसतंय कोण! लग्नाच्या पहिल्या वर्षी तेव्हाच्या घोडीच्या रिकिबीत नुसता पाय घालून पाहिला होता. सासूबाई, नणंदा, शेजारणी, सगळ्यांसमोर हे म्हणाले होते, "बाई बसली का घोडी नासते." नासते! घोडी आहे की दूध?

सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते.

११ जानेवारी

सिमेंट कारखान्याचा भोंगा झाला की निघते. पुढे मैना दोरीने, मागे कप्तान आपला आपण. नाल्यापर्यंत जाऊन परत. वेचायची राहिलेली पऱ्हाटी दोन्ही बाजूंना, आणि तिच्यावर सिमेंटची भुकटी. कापूस पांढरा की धूळ पांढरी, कळत नाही.

ढेकळांतून चालून गुडघे सुजले. घरी आले तर पहिला प्रश्न — "मैना लंगडत तं नाई ना?"

मैना नाही लंगडत. मी लंगडते. दिसलं नाही का?

१४ जानेवारी, मंगळवार

बसले!

नाल्यावरच्या मोरीपर्यंत गेले आणि गुडघ्याने जवाब दिला. कठड्यावर टेकले. डावीकडचा कठडा गेल्या वर्षी एका सिमेंटच्या ट्रकने पाडला, उरला तो उजवीकडचा. मैना त्याला लागून उभी राहिली, पाठीवर थंडीचं घोंगडं. मी कठड्यावर चढले, का चढले ते मला सांगता येणार नाही, आणि डावा पाय पलीकडे टाकला.

तिने मान वळवून एकदा पाहिलं. हे कोण, असं. मग चालायला लागली.

साठीला आलेली बाई, पंजाबी ड्रेस, पायात स्लिपर. आयाळ घट्ट धरून बसले होते. इतक्या उंचावरून मी आमचं शेतसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. मला हसू आलं. एकटीच हसत होते, मोठ्याने!

बाभळीच्या वळणावर उतरले. घरी दोरी धरून आले.

"बराबर फिरवली ना?"

"बराबर फिरवली."

१५ जानेवारी

नासली नाही. सकाळी चंदी खाल्ली, पाणी प्यायली.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले नाही. मोरीपलीकडे रस्ता मोकळा होता. दुडकी! पडले नाही!!

४ फेब्रुवारी

आता मैनाच घाई करते. मोरी आली की आपणहून कठड्याला उजवं अंग लावून उभी राहते. डावीकडून जवळ गेलं तर फिरते आणि पुन्हा उजवी बाजू पुढे करते. माझ्या इतक्या वर्षांच्या शाळेत इतक्या लवकर शिकलेलं पोर मला आठवत नाही.

हे म्हणतात, "उन्हं तापाले लागले, घोंगडं काहाले टाकतं?"

"माशा बसतात," म्हटलं.

खोटं बोलायला लागले आहे. जमतं.

९ फेब्रुवारी, रविवार

बापूरावभाऊ आले होते. जयंती कमिटीचे अध्यक्ष. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली, मग हळूच म्हणाले, "संघपालभाऊ, यंदा मिरवणुकीत मैनेवर कोणाले बसवाचं? पोरं इचारून राह्यले."

हे उठून बसायला गेले, जमलं नाही. "माह्याशिवाय कोणी नाई! एप्रिलपर्यंत उभा होतो मी!"

मी समोर कपबश्या उचलत उभी होते. माझ्याकडे दोघांपैकी एकाचीही नजर वळली नाही. मैनेवर बसणाऱ्यांत मीही असेन, हे त्यांच्या स्वप्नातही नाही.

घोड्याचं ह्यांच्या घरात एवढं का, ते सगळा गाव जाणतो. ह्यांच्या आजोबांची वरात. आजोबा घोड्यावर, चावडीपुढे आले, पाटलाच्या ओट्यावरून एकच शब्द आला — "उतर!" आजोबा उतरले. मांडवात पायी गेले. घोडा बाटतो म्हणे आमचा माणूस बसल्यावर. ह्यांना कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घरावर कौलं नव्हती, पण आधी घोडी आणली, आणि रोज संध्याकाळी चावडीवरून नेली. दर जयंतीला माईकवर ती गोष्ट सांगतात. तो "उतर" म्हणताना आवाज कापतो, बायका डोळे पुसतात. मीही पुसते. चावडीवरून घोडी नेणाऱ्या त्या माणसाचा मला अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला लिहू?

पण आज कपबश्या विसळताना डोक्यात आलं. पाटील म्हणाला बाटतो. हे म्हणाले नासते. फरक काय?

बशी फुटली एक.

२३ फेब्रुवारी

आज गुंगीत होते. बाभळीला उतरायचं राहून गेलं, पार कुंपणाजवळ येईपर्यंत वर होते.

घरात शिरते तर, "मैनेच्या टापा जड वाजून राह्यल्या. नाल ढिला झाला असंल. शफीले बोलाव."

बापरे!

२ मार्च

शफीभाई राजुऱ्याहून आले. ह्यांचे जुने नालबंद. चारही पाय पाहिले, नाल ठाकठीक. मग पाठीवरून हात फिरवला, घोंगड्याखाली केस दबले होते तिथे थांबला. माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं.

हळूच म्हणाले, "मॅडम, बैठक का निशान है. कोन बसून राह्यलं?"

मी घोंगडं उचलून घडी घालायला लागले.

"पीठ तो एकदम साफ है. लागली नाई कुठी. जो भी बसते, हलका बसते." आणि मग खिडकीकडे तोंड करून मोठ्याने, "संघपालभाऊ, एक नाल ढिला होता! ठोकला!"

त्यांना दोन कप चहा दिला. वर खारे शेंगदाणे.

१६ मार्च

हे काठी धरून दारापर्यंत चालले. डावा पाय ओढत, पण चालले. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं — हे मैनेपर्यंत पोचतील तो दिवस माझा शेवटचा.

नवऱ्याचा पाय सुधारतो आणि बायकोला धास्ती वाटते! असं कोणाला सांगावं? म्हणून इथे.

३० मार्च

ऊन मी म्हणतं आहे. उजाडायच्या आत जाऊन येते. आज मैना आणि मी नाल्याच्या पात्रात उतरलो, पाणी खुराएवढं. कप्तान काठावर आमची वाट बघत उभा. किती बरं वाटत होतं. हे काढून घेतलं तर मी काय करीन, माहीत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

विक्की काल आला. आज बापलेकांनी ठरवलं — मैनेवर बसून बघायचं. बापूरावभाऊ आले, शफीभाईंना बोलावून घेतलं. खोगीर, पोटाखालचा तंग, सगळा थाट. ओट्याला लावून मैना उभी केली, डावीकडून, शिरस्त्याप्रमाणे. हे ओट्यावर, विक्की बगलेत धरून.

मैना फिरली. पुन्हा लावली, पुन्हा फिरली. शफीभाईंनी लगाम धरला तरी गोल फिरून उजवं अंग ओट्याला लावलं आणि मग दगडासारखी उभी! बसा म्हणून.

मी दारात. हातात पाण्याचा तांब्या.

विक्की म्हणाला, "बाबा, तिकडूनच बसा ना! तुमचा उजवा पाय चांगला हाये. तो रिकिबीत घाला, डावा आम्ही टाकतो पलीकडे."

तसंच केलं. हे बसले! डावीकडून शंभर जन्मात जमलं नसतं. डावा पाय रिकिबीत उचलणार कोण? बापूरावभाऊंनी टाळ्या वाजवल्या. "ह्ये कसं काय शिकली भाऊ, उजवीकडून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ, बराच वेळ. समजलं त्यांना. सगळं समजलं.

मग बापूरावभाऊंना म्हणाले, "मीच शिकवलं होतं. आजाराच्या आधी."

शफीभाई तंग आवळत राहिले. मान वर केली नाही.

सगळे गेल्यावर मला विचारलं, "कवापासून?"

"संक्रांतीपासून."

"मी सांगतलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"जयंती होऊ दे. मंग हातानंच फिरव. तिले कोणाकोणाची सवय नाई लागली पायजे."

कोणाकोणाची! मी कोणाकोणात. आणि माझ्या चोरीवर ह्यांचं बसणं झालं, त्याचं काही नाही. आभार नको होते मला. निदान ह्यांनी ते श्रेय तरी घ्यायचं नव्हतं.

विक्की रात्री जेवताना म्हणाला, "आई, बाबा किती खूश हायेत बघ." बघितलं बाबा, बघितलं.

१४ एप्रिल, सोमवार

झाली जयंती. हे मैनेवर, निळा फेटा, पांढरा झब्बा. एकच हात धड, म्हणून लगाम मी धरला. आख्खी मिरवणूक उन्हातून मी घोडीच्या तोंडाशी चालले. मैना सारखी माझ्या खांद्याला नाक लावत होती. लोक म्हणत होते, बाईनं नवऱ्याले उभं केलं. हार ह्यांच्या गळ्यात पडले. एक मैनेच्याही पडला.

पाटलाच्या पोरांना चावडी आता नकोशी झाली आहे, कुलूप असतं. तिथे मिरवणूक थांबली. ह्यांनी माईक घेतला, घोडीवरूनच. आजोबांची गोष्ट सांगितली. "एकच शब्द आला — उतर!" आवाज कापला. समोरच्या बायकांनी डोळे पुसले. शेजारची आशाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ काय बोलतेत ना!"

मी लगाम धरून उभी होते. यंदा पहिल्यांदा माझे डोळे कोरडे राहिले.

घरी आल्यावर खोगीर मी उतरवलं. पुसून खुंटीला लावलं. हे खाटेवरून म्हणाले, "उद्यापासून हातानं. आयकलं ना?"

ऐकलं.

१५ एप्रिल, मंगळवार

भोंगा झाला. खोगीर खुंटीवरून काढलं, अंगणात, खिडकीसमोर. ओट्यावर चढले, उजवीकडून बसले. मोरीकडे नाही नेली. गावात नेली, चावडीवरून. कोणी काही म्हणालं नाही. नळावरच्या बायका घागरी भरायच्या थांबल्या, आशाबाई नुसती बघत राहिली. तेवढंच.

परत आले तर हे काठी टेकत दारात उभे. मागे विक्की, तोंडात ब्रश.

"उतर!"

तोच शब्द. तोच आवाज, मात्र कापला नाही.

मैना तहानली होती. हौदाशी नेली आणि वर बसूनच पाणी पाजलं.