दुसऱ्या स्फोटाची वाट

बाबा, काल मामाकडे गेले होते, तुमची बाजू मांडायला. तुम्ही ती कधी मांडली नाहीत.

शांतिसेनेतून, श्रीलंकेच्या जंगलातून परत येऊन तुम्हाला वर्षही झालं नव्हतं. फौजेत जखमींची मलमपट्टी करणारा, म्हणजे फुकटचा डॉक्टरच. अख्खी आळी गळवं घेऊन आपल्या ओटीवर. त्या दुपारी आपण उरण नाक्यावर मामाच्या पंक्चरच्या दुकानाकडे चाललो होतो. समोरच हवेची टाकी फुटली. मामा रस्त्यावर पडलेला, पायाचा चेंदामेंदा, "दाजी! दाजी!" करून ओरडतोय. लोक धावतात आणि तुम्ही दोन्ही हात पसरून त्यांना अडवता. "थांबा! दुसरा होईल!" दुसरा कसला? टाकी एकच होती. पण तुम्ही कडेची माती निरखताय, गटार निरखताय. मी दहावीतली मुलगी, तुम्हाला पाठीमागून ढकलत होते. मग एकदाचे धावलात. जांघेत अंगठा रोवून रक्त थांबवलंत, तो थेट दवाखान्यातच काढलात. मामा वाचला, पाय गेला. "फौजी घाबरला," असं आळी म्हणाली. आईसुद्धा म्हणाली, तुम्ही जेवत असताना. तुम्ही ताट सरकवून उठलात.

मला एकदाच सांगितलंत. तिथे पहिला सुरुंग जवानासाठी असायचा आणि दुसरा त्याला उचलायला येणाऱ्यासाठी. तुमचा जोडीदार धावला. तुम्ही पिशवीतून पट्ट्या काढायला थांबलात, म्हणून उरलात. एवढं बोलून उलट माझ्यावरच चिडलात, "जा, अभ्यास कर." दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, मला कळतं हो. पण समोर रक्त वाहत असताना किती वेळ फुंकायचं?

आता मी ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. तसा पाय स्फोटातच गेलेला असतो, थांबल्यामुळे नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेच मामाला सांगितलं. सुरुंगाचंही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पायाचं काय नाय गो बाय, सवय झाली. पन मी दाजी दाजी करून आरडत होतो, न् तो माझ्याकडं बगतच नव्हता. मातीकडं बगत होता."

तुमची वकिली करायला गेले होते, आणि परत येताना रिक्षात मलाच तुमचा राग आला. अजून गेलेला नाही. तुम्ही आज हयात असतात तर हे पत्र मी फाडून टाकलं असतं.