यंत्र रिमोटवर

६ मे
बटणं चालत नाहीत. दिग्रसच्या आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतलं फ्लोराइड मोजायचं यंत्र आजपासून रिमोटवर! कमांड फक्त संगणकातून. नागपूरच्या ऑफिसातून तिथला कपिल देणार, नाहीतर त्याच्या यादीतून मी टाइप करायची. "मॅडम, यंत्राला हात लावायचा नाही." अकरा वर्षं हातच लावत आले.

७ मे
यादी शिकतेय. झीरो, रीड, सेंड. कुठेच प्लीज नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर लुसी प्लीज म्हटल्याशिवाय खडूसुद्धा देत नसत. किती गोड रागवायच्या! आर्णीच्या बोअरचं पाणी तपासताना मध्येच यंत्राला विचारलं, झीरो किती धरलाय. उत्तर नाही. नुसतं टिक वाजलं.

९ मे
तांड्याच्या हातपंपाचं पाणी — ०.८. दीडच्या वर गेलं की पिण्यास अयोग्य, आणि हा पंप दरवर्षी अडीचच्या खाली येत नाही. पूर्वी असतं तर बटण दाबून पुन्हा मोजलं असतं. कपिलला फोन केला. "इकडे सगळं बरोबर दिसतंय, मॅडम. रिपोर्ट गेलासुद्धा."
"थांबव ना."
"गेलेला कसा थांबवू?"

१३ मे
तांड्याचे शंकरसिंग आले, खुशीत. "ताई, कागद आला तुमचा. पंप सुरू केला आमी. आता सून रुपी नाल्यापल्याड जात नाही पान्याले."
म्हटलं, थोडे दिवस पिऊ नका.
"काहून? मशीन खोटं बोलते, का तुमी?" आणि हसले. दात तपकिरी, कडा झिजलेल्या. लहानपणापासून हेच फ्लोराइडचं पाणी. त्यांची नात राखी सोबत होती. दुधाचे दात पडलेत, नवे येताहेत.


१४ मे
कपिलला स्पष्ट म्हटलं, तुमच्याकडूनच काहीतरी बिघडलंय. जरा रुसला. "लॉग काढतो. कोणी कधी काय कमांड दिली, सगळं त्यात असतं."

१६ मे
लॉग आला नाही. तिकडे राखी पाणी पीत असेल.

१७ मे
कपिलचा फोन. आवाज एकदम हळू. "मॅडम, सात तारखेची झीरो कमांड तुमच्या संगणकावरून आहे. विचारायचं असेल तर पुढे प्रश्नचिन्ह लागतं. नुसतं झीरो म्हटलं की आत जे पाणी असेल तेच ते शून्य धरतं."
आत आर्णीच्या बोअरचं पाणी होतं. त्यातलं फ्लोराइड पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा होत गेलं.
मी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

१८ मे
शंकरसिंगांना फोन केला. पंप बंद करा, चूक माझी आहे. पंप लगेच बंद करतो म्हणाले. "पन तुमी कायले अंगावर घेता, ताई? मशीनचंच चुकलं असन."
पुन्हा सांगितलं. ऐकेचनात.