तिसरीला हाक कशी मारावी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण मांडीवर तुझी नवी भाची झोपली आहे आणि मी जरा वाकलो की ती जागी होते. तेव्हा या वेळी नमस्कार बसल्याबसल्या घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? नव्या घराच्या जिन्याला कठडा बसवून घेतलास का? भाऊजींचं घोरणं तिकडच्या शेजाऱ्यांना मानवलं का? आमचं म्हणशील तर सगळे धडधाकट आहोत, फक्त एकीला नाव नाही. अजून नाही, असं तू ओरडशील हे ठाऊक आहे. अजून नाही. तू आमच्या वरच्या मजल्यावरून बाडबिस्तरा आवरून गेलीस आणि त्याच आठवड्यात ही बाई अवतरली. तेव्हापासून दवाखान्यात तिला 'बेबी' म्हणतात, बायको 'बाळ' म्हणते, आणि शेजारचे आजोबा रोज नव्याने 'ही कुणाची?' म्हणतात.

अडचण नाव शोधण्याची नाहीच. नावं पोत्याने मिळतात, ज्याला त्याला सुचवायची हौस असते. अडचण आहे ती ठमाकाकू आणि ढब्बू यांची. (थोरली आणि मधला यांची ही घरातली नावं. खरी तुला माहीतच आहेत, पण ती मी इथे लिहिणार नाही. बायकोचं फर्मान आहे की तिसरीचं पक्कं होईपर्यंत घरात कुठल्याच कागदावर कुठलंच नाव उमटवायचं नाही. एकदा लिहिलं की नाव हट्टाला पेटतं, असं तिचं मत. किराणावाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा मी सध्या 'आपला गिऱ्हाईक' अशी सही करतो.) तर या दोघांची नावं जोडून हाक मारली की झोका जावा आणि यावा तशी ती ऐकू येतात. आम्ही काही ठरवून केलं नव्हतं, आपसूक जमलं. आता त्याच्या शेपटाला तिसरं कुठलंही नाव लावा, झोका खांबावर आपटतो. लहान लावलं तर गिळलं जातं, मोठं लावलं तर पुढची दोन तिच्या नोकरांसारखी वाटतात.

तुला वाटेल, इतकं काय अडलंय! ताई, तू आणि दादा पहिल्या दोघांत मोडता, म्हणून तुला तसं वाटणारच. आई तुम्हा दोघांना एका दमात हाक मारायची आणि दम संपला की 'आणि तू रे!' मला शाळेत घालेपर्यंत माझं नाव 'आणि' आहे अशीच माझी समजूत होती. (हसू नकोस. मास्तरांनाही मी तेच सांगितलं होतं.) आईबद्दल माझी तक्रार नाही, तिचे हात कामात असायचे. फक्त माझ्यापर्यंत हाक येईस्तोवर जेवण गार व्हायचं. माझ्या पोरीने जन्मभर 'आणि' होऊ नये, एवढं एकच मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून मी शास्त्रीय पद्धत धरली. नाव कागदावर कसं दिसतं याला अर्थ नाही, ते हाकेत कसं वाजतं ते बघायला हवं. आता हाक मारण्याचा पगार घेणारा आपल्या घराण्यात मी एकटाच. बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसून दिवसभर मी दुसरं करतो काय? तेव्हा दोन गाड्यांच्या मधल्या निवांत वेळात भोंग्यावरून घोषणा केली: अमुक, तमुक आणि ढमुक, जिथे असाल तिथून चौकशीच्या खिडकीपाशी या. अमुक-तमुक म्हणजे आपली दोघं, ढमुक म्हणजे उमेदवार नाव. डोळे मिटून ऐकत बसलो. सगळ्या फलाटांवरून फिरून नाव परत आलं आणि छान वाटलं. डोळे उघडले तर खिडकीत दोन पिशव्या घेतलेली एक बाई धापा टाकत उभी. स्थानकावर माणसंही असतात आणि त्यांना नावंही असतात, हे इतकी वर्षं तिथे बसून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तिची गाडी माझ्यापायी चुकली होती. मी गयावया करून तिला चहा पाजला आणि (आता झालीच आहे ओळख म्हणून) विचारलं की हे नाव वापरायला कसं आहे. ती म्हणाली, आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मग अशी काही बोलत सुटली की पुढची गाडीही चुकली. ताई, तुला सांगतो, मला चटकच लागली. दुसऱ्या नावाला एक गवंडीकाम करणारी आली. तिचं नाव फुलाच्या पाकळीवरून आणि तळहात विटांनी खरखरीत झालेले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं तीच हसत म्हणाली. पण बहिणींच्या माळेत शोभावं म्हणून ठेवलेलं ते नाव बदलून घ्यायला ती काही तयार नव्हती. तिसऱ्याला दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या. त्यांची नावं इतकी जुळती की लहानपणी ताप एकीला यायचा आणि कडू औषध दुसरीला मिळायचं. अजूनही कुणी हाक मारली की दोघी येतात, उगाच वाद नको म्हणून. पुढे पुढे तर मी न बोलावताही बायका खिडकीशी येऊन आपापल्या नावाची गाऱ्हाणी मांडू लागल्या. गाड्यांच्या वेळा विचारणाऱ्यांची रांग मागे फलाटापर्यंत गेली. साहेबांनी बोलावून घेतलं आणि हे स्थानक आहे की पाळणाघर, असं विचारलं. मी कानाला खडा लावला.

तो खडा गेल्या गुरुवारी पडला. बायको तिन्ही मुलांना घेऊन माझा डबा द्यायला आली होती. डबा खिडकीतून आत येईपर्यंत ढब्बू गायब! पाच गाड्या सुटायच्या बेतात, सगळीकडे धूर आणि धावपळ, आणि त्याचा पत्ता नाही. बायकोचा चेहरा पांढराफटक. माझी तर पाचावर धारण बसली. भोंगा हातात घेतला आणि तोंडातून पोराचं नावच निघेना. सवयीने थोरलीचं निघालं, मग आजवर तपासलेली सगळी उमेदवार नावं एका दमात बाहेर पडली. खिडकीपाशी अर्धं स्थानक जमलं, त्या दोघी म्हाताऱ्यासुद्धा आल्या. नव्हता तो फक्त ढब्बू.

तेव्हा ठमाकाकू माझ्या स्टुलावर चढली आणि माझ्या हातातून भोंगा ओढून घेतला. भावाला तिने हाक मारलीच नाही. तिने एक वेगळंच नाव घेतलं आणि ती रडतेय, एवढंच जाहीर केलं. मी थक्क झालो, कारण ते नाव माझ्या उमेदवारांत कधीच नव्हतं आणि तरी मला जन्मापासून माहीत होतं. सामानघराच्या मागून एका पायात बूट घातलेला ढब्बू सुसाट आला, मला ओलांडून, आईला ओलांडून, थेट बाळापाशी, आणि तेच नाव घेऊन म्हणाला, रडू नको, मी आलो. (बाळ गाढ झोपलेलं होतं.) माझा जीव भांड्यात पडला आणि मी सगळ्या स्थानकादेखत रडलो. भोंगा चालूच होता.

संध्याकाळी चौकशी झाली. या दोघांनी बहिणीचं नाव पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. मी म्हटलं, बाई गं, पण हे तुमच्या दोघांच्या नावांपुढे बसत कसं नाही ते बघ, आणि हाक मारून दाखवली. झोका खांबावर आपटला. ठमाकाकूने माझ्याकडे अशी काही कीव करून पाहिलं! बाबा, म्हणाली, रस्ता ओलांडताना लहान मूल शेवटी ठेवतात का? मधे ठेवतात. मग तिने हाक मारली: आधी स्वतःचं नाव, मधे बाळाचं, शेवटी ढब्बूचं. ताई, काय सांगू, तीन मुलं हात धरून चालल्यासारखी ती नावं चालत गेली.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला शेक दे.

तुझा,
आणि

ता. क. नाव कुठलं ते सांगायचं राहिलं. तुझं. वरच्या मजल्यावरून भाऊजी तुला सारखी हाक मारायचे, ती तू गेल्यावर बंद झाली आणि घर कसंतरीच वाटायला लागलं, म्हणून दोघांनी ते नाव खाली आणलं. तुझी परवानगी मागावी असं बायको म्हणते. मोठ्या नणंदेच्या नावाने 'थांब, देते एक रट्टा' असं ओरडायचं तिला जड जातंय. मला मुळीच जड जात नाही. जन्मभर ताई ताई करत आलो, आता कुठे संधी मिळाली आहे.

ता. क. दुसरा. परवानगी पत्राने पाठवू नकोस, घेऊन ये. हे सगळं त्यासाठीच लिहिलं. खाली कुणीतरी तुझ्या नावाला ओ देतं, तरी मुलं अजून जिन्याकडे बघतात. मीही बघतो.

ता. क. तिसरा. काल कुणी नसताना आपल्या तिघांचीही हाक मारून पाहिली. दादा, मग मी, मग तू. चांगली बसते गं. आलीस की एकदा तशी मार. जेवायच्या वेळी मार, म्हणजे गरम मिळेल.