बाबा चावी विसरले नव्हते

खंडेराव गेट, झाशी
होळीनंतरचा सोमवार

प्रिय कुशल,

प्रिय लिहिलंय ते सवयीने. आत्ता तू समोर असतास, तर छत्तीस वर्षांचा घोडा झालायस हे न बघता तुझ्या कानाखाली वाजवली असती. फोन करत नाही, कारण फोनवर तू "आई, मीटिंग आहे" म्हणतोस आणि माझं वाक्य अर्ध्यात लोंबकळत राहतं. कागदाला मीटिंग नसते. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. लागू दे. एकेक अक्षर लावून वाच.

तू पाठवलेली अठरा तारखेची पुण्याची तिकिटं मिळाली. त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळही मिळाली. तपासणी झाली की बाबांनी आणि मी तिकडेच राहायचं, झाशीच्या घराला कुलूप घालायचं, हेही तुझ्या बहिणीकडून, दीप्तीकडून कळलं. मला थेट सांगायचं धाडस तुला झालं नाही. बाबांनी बॅग भरून ठेवली आहे. ते सगळ्याला हो म्हणतात. ज्या माणसाने रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं केसाच्या जाडीची मापं घेतली, तो आता गॅस बंद करतो आणि मला बघून यायला सांगतो. दाराला कुलूप लावतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येऊन ओढून बघतो. एकदा नाही, तीनदा. परवा भाजीवाल्याने विचारलं, "बाबूजी, धनिया कल ले गए थे का?" तर म्हणाले, "मेरा भरोसा मत करो भैया, मैं भूल जाता हूँ." मी शेजारी उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

हे सगळं त्या गाडीपायी. आणि गाडी कोणी घ्यायला लावली? बाबांना साधी, चावी फिरवून सुरू होणारी हवी होती. तू इथे येऊन शोरूममध्ये त्या पोराच्या बोलण्याला भुललास. "चाबी जेब में रखिए और भूल जाइए, अंकल!" असं तो म्हणाला होता. दार आपोआप उघडणार, बटन दाबलं की इंजिन सुरू. तुला मोठं कौतुक. बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, की चावी खिशातून बोलते आणि गाडी ऐकते, तर मधे दुसरं कोणी ऐकणार नाही का? तू हसलास. आठवतंय? मला आठवतंय.

त्यांनी मात्र विषय सोडला नाही. पेपरात वाचलं, कारखान्यातल्या जुन्या मित्रांना विचारलं. मग मला समजावलं, की या चाव्या घरात पडल्या पडल्यासुद्धा गाडीशी हळू आवाजात बोलत असतात. चोर दोघं येतात. एक जण घराच्या भिंतीशी यंत्र घेऊन उभा राहतो, ते यंत्र चावीचा आवाज उचलतं. दुसरा गाडीपाशी उभा असतो, त्याच्या हातातलं यंत्र तो आवाज गाडीला ऐकवतं. गाडीला वाटतं, मालकच आला. काच फोडायला नको, कुलूप तोडायला नको. एकदा सुरू झाली की चावी मागे राहिली तरी ती बंद पडत नाही. पुढे कुठेतरी नेऊन स्टिअरिंगखालच्या खोबणीत यंत्र जोडायचं आणि नवी चावी तयार करून घ्यायची.

यावर उपाय म्हणून त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे नेले. एकेका डब्यात चावी ठेवायची, झाकण लावायचं, डबा काखेत मारून गाडीशी उभं राहायचं आणि दार उघडतंय का ते बघायचं. प्लास्टिकचा नापास. मोठा स्टीलचा, झाकण सैल, तोही नापास. शेवटी घट्ट झाकणाचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा पास झाला. सगळी गल्ली बघत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण चावी डब्यात आणि डबा मागच्या खोलीतल्या कपाटात, हा नेम त्यांनी केला. शिवाय स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा घ्यायचा होता, आणि दतिया गेटच्या इलेक्ट्रिशियनकडून सीटखाली एक चोरबटन बसवायचं होतं, ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये असं. तू फोनवर ओरडलास, "बाबा, वॉरंटी जाईल! हा गावठीपणा बंद करा." त्यांनी बंद केला. दांडासुद्धा घेतला नाही. तो घेतला असता तर कोणतीही वॉरंटी जात नव्हती. पण तू एवढा ओरडलास, की त्यांनी पुढे विचारलंच नाही.

खंडेनवमीला गाडी गेली, तीही भर दुपारी. आम्ही दोघं लक्ष्मी तालावर देवीच्या दर्शनाला गेलो होतो. नवरात्रात तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून ई-रिक्षाने गेलो. परत आलो तर दारासमोर नुसती मोकळी जागा आणि तेलाचे दोन डाग. चौकीवरून आलेला हवालदार गाडीच्या जागेभोवती फिरला, ना काचेचा तुकडा, ना तुटलेलं कुलूप, हे बघून म्हणाला, "न काँच टूटो, न तारो टूटो, तो का गाड़ी उड़ गई, दादा?" बाबांनी त्याला डबा दाखवला. चावी डब्यात, डबा कपाटात. डबा त्यांनी स्वतः पारखलेला, त्यामुळे सिग्नलची चोरी ही शक्यता त्यांनी स्वतःच्याच तोंडाने काढून टाकली. मग उरली दुसरी चावी.

दुसरी चावी मे महिन्यात तुझ्याकडे होती. तुम्ही ओरछ्याला गेला होतात तेव्हा. तू फोनवर छातीठोकपणे सांगितलंस, की निघताना टेबलावर ठेवली आणि बाबांच्या हाताला हात लावून तसं सांगितलं. बाबा म्हणाले, मला आठवत नाही. तू म्हणालास, "तेच तर! तुम्हाला हल्ली काही आठवत नाही." आठ दिवस रोज तेच. दीप्तीला सांगितलंस, काकांना सांगितलंस, कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलंस, की बाबा चावी गाडीत विसरले असणार, आता त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं. एखाद्याला आठ दिवस वेडा म्हटलं की तो नवव्या दिवशी आरशात बघतो. त्यांनीही बघितलं. चौकीत जाऊन स्वतःच्या हाताने लिहून दिलं, "दूसरी चाबी मेरी भूल से गाड़ी में रह गई थी." विमा कंपनीने तोच कागद पुढे करून हात वर केले. त्याचं मला काही नाही. गाडी लोखंडाची होती. पण त्या कागदाखाली सही करून आले, आणि त्याच रात्री गॅस बंद आहे का ते बघायला त्यांनी मला पहिल्यांदा पाठवलं.

आता ऐक. दुसरी चावी तुझ्याच घरी आहे. तुझ्या त्या काळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होती. संक्रांतीला बॅग धुवायला काढली तेव्हा ती तुझ्या बायकोला, जाईला सापडली, तिने तुझ्या हातात दिली, आणि तू म्हणालास, "आता विषय संपलाय, उगीच परत काढू नकोस." संपलाय? कोणाचा संपलाय? दोन महिने ती चावी खणात ठेवून तू त्याच हाताने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस? विसरलास तू, आणि विसराळू ठरवलंस त्यांना! वर मोठ्या काळजीने तिकिटं काढलीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. जाईने परवा रडत फोन केला. तिला चैन पडत नव्हतं. तिला याबद्दल एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे. तुमच्या घरात लाज शाबूत असलेली ती एकटीच दिसते.

आणि गाडी गेली कशी, तेही कळलं. समोरच्या श्रीवास्तवजींच्या ईशाने त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यातला तेवढा भाग त्याच दिवशी मोबाईलमध्ये उतरवून चौकीवर नेऊन दिला होता. कोणी बघितला नाही. म्हातारा स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर कोण डोळे शिणवतो? ती कानपूरला कॉलेजात गेली, तिला वाटलं आम्ही पाहिला असेल. होळीला आली तेव्हा सहज म्हणाली, "अम्मा जी, वो झोले वाले पकड़े गए?" मी विचारलं, कोण झोलेवाले? तिने मोबाईल काढला. दोन माणसं. एक जण पाठीवरची पिशवी पोटाशी धरून आपल्या बैठकीच्या खिडकीशी उभा, पत्ता शोधत असल्यासारखा. दुसरा गाडीपाशी. गाडीचे दिवे एकदा लुकलुकले, दार उघडलं, आणि ती चालायला लागली. पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही.

तू हुशार आहेस. तुझ्या लक्षात आलं असेल, की चावी मागच्या खोलीत डब्यात होती, तर बैठकीच्या खिडकीशी उभं राहून तो काय उचलत होता? ईशाच्या मोबाईलमध्ये खिडकीच्या गजांतून झेंडूची माळ दिसते. ती मीच ओवली होती. आपल्याकडे खंडेनवमीला बैठकीच्या खिडकीखाली पाट मांडतात, हे तुला सांगायला नको. वाडवडील शिपाईगिरी करायचे, त्यांचा तो बोथट खंडा, बाबांचं कारखान्यातलं माप, माझी कात्री, आणि हल्ली गाडीची चावी. ज्याने घर चालतं ते सगळं. आणि एकदा पाटावर ठेवलेलं आयुध दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. निघताना बाबांनी विचारलं, "चावी डब्यात परत ठेवलीस ना?" मी म्हटलं, हो. ठेवली नव्हती. रिक्षावाला ओरडत होता, नेम मोडायला मन होत नव्हतं, आणि त्यांच्या त्या डब्याचा मला कंटाळा आला होता. परत आल्यावर ते रस्त्यात डोक्याला हात लावून उभे होते, तेवढ्यात मी आत शिरले आणि चावी पाटावरून उचलून डब्यात घातली. तेव्हा मात्र नेम मोडायला मला काही वाटलं नाही.

पाच महिने मी गप्प आहे. आधी वाटलं, रागावतील. मग त्या दुसऱ्या चावीचा विषय निघाला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. हो, टाकला. मला वाटलं, खरंच तिच्यामुळे गेली असेल, मग माझा काय दोष? ते रोज खचत गेले आणि मी रोज त्यांच्या पानात गरम पोळी वाढत गेले. तुला चोर म्हणते आहे, पण घरातली पहिली चोर मी. गाडी त्या दोघांनी नेली. या माणसाचा स्वतःवरचा भरवसा तू आणि मी मिळून नेला. आणि तो परत आणायला कुठली चौकी नाही.

अठराची तिकिटं मी रद्द करायला सांगितली आहेत. तू ती दुसरी चावी घेऊन इकडे ये. ग्रुपवर जसं त्यांचं नाव लिहिलं होतंस, तसंच आधी तुझं आणि माझं नाव लिही, सगळ्यांना दिसेल असं. चौकीत नवा जबाब द्यायला मी स्वतः जाणार आहे, ईशा येते म्हणाली आहे सोबत.

एवढं लिहिलं, पण मूळ काम राहिलंच आहे. होळीपासून चार वेळा मी त्यांच्यासमोर बसले. चारही वेळा तोंड उघडलं आणि चहा हवाय का विचारून उठले. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाशी एकदा खोटं बोलले, त्याच्यासमोर खरं बोलायला जीभ वळत नाही. तुझ्यावर ओरडणं सोपं होतं, म्हणून तुझ्या नावाने लिहायला बसले. पण कुशल, हे पत्र पहिल्या ओळीपासून त्यांच्यासाठी आहे. आता उठून ते उघडंच त्यांच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे, वाचा, आणि मग वाटलं तर पोस्टात टाका. पाकीट कोरं ठेवलं आहे. तुझा पत्ता मला डायरीत बघावा लागतो. त्यांना पिनकोडसकट पाठ आहे.

तुझीच,
आई