कंडक्टरचा पाय

१६ जुलै २०२५

पाय गेला. मागचा डावा, अगदी वरून.

आणला घरी काळीपिवळीत, माझ्या मांडीवर. पुसद ते फुलसावंगी सगळ्या रस्त्यात त्याने डोळे उघडले नाहीत. एरवी कुत्र्याला जीपमध्ये कोण चढू देतं? पण हा कंडक्टर! स्टँडवरून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीमागे पळत जाऊन तिला वेशीपर्यंत सोडून येणारा. ड्रायव्हर स्वतःच म्हणाला, "बसा काकू, त्याचीच गाडी हाय हे."

डॉक्टरीणबाई आभा मॅडमनी पायातली तार पिशवीत घालून दिली. मोटरसायकलची क्लचवायर. रानडुकरासाठी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, फास लावतात, तो. दोन दिवस अडकून होता म्हणाल्या. मी दोन दिवस स्टँडवर हाका मारत फिरत होते आणि हा तिकडे तारेत!

आमच्या यांनीच शोधून आणला त्याला — शेजारच्या देवसिंगच्या शेताकडे सापडला म्हणाले. माझा नवरा आज दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. सासरे गेले तेव्हाही रडले नव्हते.

आजवर देवसिंगभाऊ म्हणत आले. आजपासून भाऊ काढला. देवसिंग. नुसता देवसिंग! याद राख.

१७ जुलै

काही खाल्लं नाही. बोटाने पाणी ओठाला लावलं, तेवढंच चाटलं.

घरात सगळी गुळगुळीत फरशी. उभा राहायला गेला की उरलेला मागचा पाय सरकतो आणि बसतो आपटून. सोयाबीनची रिकामी पोती उसवून घरभर अंथरली. घराचं गोदाम झालंय. होऊ दे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात ती प्लास्टिकची नरसाळ्यासारखी पाटी आहे. ती चौकटीला आपटते आणि हा माझ्याकडे बघतो, जणू मीच मारलं.

देवसिंगचं सोयाबीन वाळो. बाकी आज काही लिहायचं नाही.

१८ जुलै

मुतला!! अंगणात पोटाखालून जुनी ओढणी घालून उचलून धरला — हे पुढून, मी मागून. सवयीने उजवा पाय वर करायला गेला आणि तोंडावरच आदळला. मी रडले. हे आत निघून गेले.

आभा मॅडमना फोन केला. "शिकेल तो. डावी बाजू भिंतीकडे करेल, तिकडचा पाय वर करायचं कामच उरलं नाही ना." हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

२० जुलै

कोणी लावला फास हे सांगायला ज्योतिषी नको. उन्हाळ्यात हॉटेलात सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं, "औंदा एक बी डुक्कर जित्तं जाऊ देत नाही"? देवसिंग. आमच्याशी धुऱ्यावरून कोणाचं वाजतं? देवसिंगचं. अंगणात जुनी मोटरसायकल कोणाच्या सडत पडलीय? आता अजून काय पाहिजे!

यांना म्हटलं, वनखात्यात तक्रार करू. फास लावणं गुन्हा आहे, आत टाकतात. यांचा चेहराच उतरला.

"जाऊ दे वं. कायले गावात वैर? पाय तं गेला, आता परत येणार हाय का?"

म्हटलं, तुमचा गेला असता म्हणजे?

हे कापूस घेऊन जखम पुसायला बसले. मी ब्लाउज शिवते, माझा हात नाजूक असं गाव म्हणतं. पण जखमेवर यांचा हात माझ्याहून हलका चालतो, हे कबूल. माणूस घाबरट आहे, पण कुत्र्याचं सगळं तेच करतात.

२१ जुलै

गोळी भाकरीत लपवली. भाकर खाल्ली, गोळी थुंकली. देवसिंगपेक्षा अक्कल आहे!

२४ जुलै

आज त्याच्या डाव्या कानाला खाज सुटली. बसल्या बसल्या ते टाक्यांचं थोटूक हलायला लागलं — भरभर, कान खाजवतोय तसं. कानाला काहीच लागत नव्हतं. थांबला. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा थोटूक हललं.

मी मशीनवरून उठले आणि कान खाजवून दिला. डोळे मिटून घेतले त्याने. आता हेच काम लागलंय मला. थोटूक हललं की उठायचं. शिवण राहिलं तर राहिलं.

खाजवताना मनात देवसिंगला रोज एक शिक्षा देते. आजची: पाठीत, हात पोचत नाही तिथे, जन्मभर खाज सुटो.

२८ जुलै

कोण यावं? रुखमाबाई! देवसिंगची बायको, पोळ्याचा ब्लाउज टाकायला. ओसरीत कंडक्टरला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "याडी वो! लय सोसलं मुक्या लेकरानं." त्याच्याजवळ बसली, डोक्यावरून हात फिरवला. आणि हा गाढव शेपटी हलवतो!

मी माप घेतलं. नवऱ्याने पाय तोडायचा आणि बायकोने हळहळायचं. करून सवरून नामानिराळी!

बाही बोटभर तंग शिवणार आहे. दंडात अडकली पाहिजे. काढताना तर रडूच आलं पाहिजे.

२ ऑगस्ट

टाके निघाले. पाटी निघाली. अंगणात सोडला तर आधी उभाच राहिला, मग एकदम उड्या मारत फाटकापर्यंत! चालला की लटपटतो, पळाला की ठीक. आभा मॅडम म्हणाल्याच होत्या, सावकाश चालणं त्याला अवघड, पळणं सोपं.

फाटकाशी जीपचा हॉर्न ऐकला आणि कान उभे केले. गेला नाही. मी लपून पाहत होते. परत येऊन यांच्या पायावर डोकं ठेवून पडला. यांनी पाय हळूच काढून घेतला आणि गोठ्यात जाऊन बसले. यांना बघवत नाही अजून.

मला बघवतं. बघते, आणि लक्षात ठेवते.

५ ऑगस्ट

सूड घ्यायचा कसा? देवसिंगच्या बैलांना काही करावं — छे, बैलांनी काय केलं? कापसाची पऱ्हाटी उपटावी — आपलेच हात सोलायचे. पोलिसात जावं तर हे आडवे पडतात.

आणि आज काज करता करता सुचलं. पोळा!

पोळ्याला तोरणाखाली झडत्या होतात, यमक जुळवून खड्या आवाजात म्हणायच्या. कोणाचंही नाव घ्या, कोणाचीही लक्तरं वेशीवर टांगा, त्या दिवशी कोणी रागवायचं नाही. उत्तर द्यायचं तर झडतीनेच द्यायचं. आणि देवसिंगची जोडी मानाची! सगळ्यात पुढे, भर तोरणाखाली, हातात कासरा. जाणार कुठे पळून?

बायका झडती म्हणत नाहीत. नको म्हणू दे. गावातला तो उकंडा म्हणतो ना! त्याचा आवाज नदीपलीकडे जातो. झडती मी जुळवणार, तोंड उकंडाचं.

आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

१२ ऑगस्ट

झाली! सकाळपासून मशीन चालवता चालवता घोळत होते:

चारा रे चारा, हिरवा चारा,
देवसिंगच्या धुऱ्यावर तारेचा पहारा!
डुकराच्या नावानं लावला फास,
कुत्र्याच्या पायाचा घेतला घास!
बैलाले देल्ली मखमली झूल,
कुत्र्याच्या वक्ताले पडली भूल!

यांना म्हणून दाखवली. मला वाटलं हसतील. हे उभेच राहिले.

"हे गावात म्हणायचं नाही."

म्हटलं, काहून?

"देवसिंगभाऊ तसा माणूस नाही."

मग तार कोणी लावली, डुकराने? इतकं म्हटल्यावर आवाज चढवला — लग्नापासून आज पहिल्यांदा! "सांगितलं ना, नाही म्हणजे नाही!" आणि न जेवता शेतात गेले.

देवसिंगला एवढं भितात? मला लाज वाटली. माझा नवरा आणि एवढा मऊ! नसेल यांच्यात हिंमत, माझ्यात आहे.

१३ ऑगस्ट

उकंडाला टपरीवर गाठलं. दोनदा ऐकली आणि पाठ! "वयनी, पाणी पाजतो त्याले, तुमी पाहाच!" देवसिंगनंच लावला असंल ना, एवढंही त्याने विचारलं नाही. म्हणजे गावालाही माहीतच आहे.

१७ ऑगस्ट

आज कंडक्टर भिंतीला डावी बाजू लावून उभा राहिला आणि मुतला, थेट राजासारखा. पडला नाही. मी टाळ्या वाजवल्या. शेजारीण बघत होती. बघू दे.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. संध्याकाळी बैलांची खांदेमळणी, गावभर हळद-तुपाचा वास. यांनी आपल्या बैलांचे खांदे शेकले. मधेच म्हणाले, "जया, आइक माह्यं. उकंडाले नाही म्हण."

"नाही. म्हणणार म्हणजे म्हणणार तो."

यांनी हात पुसले. मग बैलाकडे वळले.

रुखमाबाई ब्लाउज घेऊन गेली. घालून न पाहता! घाल उद्या.

२२ ऑगस्ट, पोळा

झालं! आधी नीट लिहून काढते, मग भांडी.

सगळं गाव मैदानात. बायका एकीकडे, मी पुढे उभी. देवसिंगची जोडी तोरणाखाली आली — शिंगांना बेगड, पाठीवर लाल मखमल. देवसिंग नवा फेटा बांधून, मिशीला पीळ. दोन-चार झडत्या झाल्या, सरपंचावर एक, ग्रामसेवकावर एक. लोक हसत होते. मग उकंडा पुढे झाला.

पहिल्या ओळीला हसले. "देवसिंगच्या" म्हणताच सगळ्या माना तिकडे वळल्या. "कुत्र्याच्या पायाचा" ला तर हशाच फुटला, मागून शिट्ट्या. शेवटी हर हर महादेव म्हणताना अर्धे लोक हसूनच बेजार. उकंडाने पुन्हा म्हटली. पुन्हा हशा.

देवसिंग उभा. मला वाटलं, उलटी झडती टाकेल. जीभ त्याचीही कमी नाही. नाही टाकली. उकंडाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. गर्दीत आमच्या यांच्याकडे पाहिलं, एवढंच. मग कासरा ओढला, जोडी वळवली, आणि तोरण तुटून पोळा फुटायच्या आधी घरी घेऊन गेला. मानाची जोडी! असं कधी झालं नव्हतं म्हणे गावात.

खरा असता तर बोलला नसता का? चोर! माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. गोड लागलं मला, खोटं कशाला लिहू.

हे बैल घेऊन कोणाच्याच दारात गेले नाहीत. बोजारा, बैलाच्या ओवाळणीचे पैसे, तेही मागितले नाहीत. पुरणपोळी ताटात तशीच.

२३ ऑगस्ट

पोळ्याचा दुसरा दिवस, मारबत. पळसाची फांदी वेशीबाहेर फेकून आले. ईडा गेली, पिडा गेली, देवसिंगही गेला!

२५ ऑगस्ट

गल्लीतली पोरं झडती म्हणत फिरतात. देवसिंगच्या दारासमोर जरा जोरातच. तो बाहेर पडला नाही म्हणतात, चहालाही नाही.

आज मुद्दाम कंडक्टरला घेऊन त्यांच्या गल्लीतून गेले. बघू दे म्हटलं, तीन पायांवर कसा चालतो ते! आणि या मेल्याने काय करावं? त्यांचं अंगण दिसताच माझ्या हातातून दोरी ओढून घेतली, उड्या मारत आत गेला आणि देवसिंगच्या बाजेखाली जाऊन पडला. शेपटी जमिनीवर आपटतोय! देवसिंगने खाली हात घालून त्याचा डावा कान खाजवला. गद्दार! माझं काळीज जळलं. म्हटलं, चल घरी!

रुखमाबाई बाहेर आली, जुना ब्लाउज घालून. भांडेल म्हणून मी कंबरेला पदर खोचला. ती शांतच.

"जयाबाई, माह्ये मालक पोळ्यात काहून गप राह्यले, माहीत हाय?"

म्हटलं, बोलायला तोंड नव्हतं म्हणून.

"घरी जाऊन तुह्या मालकाले इचार."

देवसिंग म्हणाला, "रुखमा, बस झालं." ती आत गेली. मी दोरी धरून उभी. कंडक्टर उठायला तयार नाही. शेवटी उचलून आणला.

हे शेतात आहेत. वाट बघतेय.

२६ ऑगस्ट

विचारलं. तार यांनीच लावली होती, आपल्याच सोयाबीनसाठी. पाऊस लागला आणि दोन दिवस बघायला गेले नाहीत. देवसिंगभाऊंनी पकडीने तार तोडून त्याला सोडवलं, यांना बोलावलं. यांनी त्यांचे पाय धरले — वनखात्याला कळू देऊ नका, जयाला कळू देऊ नका. भाऊंनी शब्द दिला, आणि भर पोळ्यात पाळला.

पोळा होऊन गेला. बाई झडती म्हणत नाही. नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाही. आज सकाळी पारावर उभी राहिले आणि तीच झडती म्हटली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. फक्त देवसिंगच्या जागी यांचं नाव: जीवनच्या धुऱ्यावर तारेचा पहारा.

हे समोरच उभे होते. कोणीच हसलं नाही.