पोथीच्या फडक्यातली नकुशी

९ ऑगस्ट १९९९, सोमवार

शंकरराव मास्तर दारात. चहा नको म्हणाले, मग घेतला. ते निमोणकर गुरुजींच्या मंडळाचे अध्यक्ष. गुरुजी निमोण्याचे, मुलांसाठी गोष्टी लिहून गेले. यंदा त्यांचं शंभरावं वर्ष. मंडळ दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर भरतं. भरतं म्हणजे चार म्हातारे आणि पंखा.

"गिताबाई, तुमचा आवाज देवळात ऐकलाय. सात दिवस गुरुजींचं पुस्तक वाचाल का? माणसं आली नाहीत तर माडी काढून घेतील आमच्याकडून."

म्हटलं, मी नुसती मॅट्रिक. म्हणाले, "पुस्तक चौथीतल्या पोरांचं आहे."

हो म्हणून बसले. पण गुरुवारपासून घरी पोथीचं पारायणही धरायचंय, मोनिकासाठी. सातवा महिना चालू आहे. याआधी दोनदा पोट रिकामं झालं पोरीचं. या वेळी देवाला सांगितलंय — सात दिवस वाचीन, खंड पडू देणार नाही, मूल तेवढं जगव.

सकाळी पोथी, दुपारी गोष्टी. चालतं का असं? कुणाला विचारू?

११ ऑगस्ट, बुधवार

ग्रहण. दौंडला फोन लावला. मोनिकाला म्हटलं बाहेर येऊ नको, विळीला हात लावू नको. "आई, मला पलंगावरून उठायची बंदी हाय, विळी कुठली आणू?"

१२ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पोथी वेळेत झाली. दुपारी माडीवर. खुर्चीवर बसून वाचायला जमेना, जीभच उचलेना. मग खाली मांडी घातली, पुस्तक पाटावर ठेवलं, तेव्हा कुठं आवाज लागला. आणि लागला तो पोथीचाच. मला दुसरा येत नाही.

गोष्ट नकुशीची. धनगराची पोर. कोकरू हरवलंय, घोड नदीच्या काठाकाठानं शोधत निघालीय. वाचन थांबवताना सवयीनं माझे हात जोडले गेले. समोर शेजारची रंगुबाई, तिनंही जोडले. मग तिच्या मागच्यांनी.

घरी येईपर्यंत कान गरम.

१४ ऑगस्ट, शनिवार

माडीवर पाय ठेवायला जागा नाही. रंगुबाईनं गावभर केलंय की गिताबाई नवसाचं वाचतीय. हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर तेही खोटंच. पाटापुढं कुणी नारळ ठेवला. रंगुबाईनं लाल फडकं आणलं, माझ्या पोथीला आहे तसंच. "वाचायचं उघडं ठिवू न्हाई गं." कापूरही लागला; तो घरचा होता, मंडळाच्या खर्चात धरला नाही.

शंकरराव तापले. "बाई, हे देऊळ नाही. गुरुजी जन्मात कधी देवळाची पायरी चढले नाहीत. ही गोष्ट आहे."

रंगुबाई म्हणाली, "मास्तर, कोकरू घावतंय का न्हाई तेवढं सांगा, मग तापा."

पुढचं आधी सांगायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे म्हणे.

कुंकू सांडून पुस्तक खराब होईल म्हणून घरी आणलं. ठेवू कुठं? वाचलेली वस्तू, पायाशी नको. देवघरात पोथीशेजारी ठेवली. हे शिफ्ट करून आले, बघितलं. "आता दोन झाल्या का?" मी वाढायला घेतलं.

१५ ऑगस्ट, रविवार

पोथी वाचता वाचता मधेच कोकरू आठवलं. जमिनीवर नाक घासलं. तरी आठवलं.

१७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी रविराज जावईबापूंचा फोन. मोनिकाला दवाखान्यात हलवलंय. पोथी वाचायची होती अजून. म्हटलं तिथं वाचू. देवघरातून फडक्यासकट उचलली, किल्ली रंगुबाईकडं टाकली, एसटी धरली.

पोचले तर झाली होती. मुलगी. दिवस भरायच्या आधी, मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवलीय, तिकडं कुणाला सोडत नाहीत. मोनिका भिंतीकडं तोंड करून. जावई उभे, काय करावं त्यांनाही कळेना.

खाटेशेजारी बसून फडकं सोडलं. आत नकुशी.

पोथी घरी शिरूरला, मी दौंडला. खंड पडला. सहाव्या दिवशी, आणि नेमका आज.

मोनिका भिंतीकडंच बघत म्हणाली, "आई, वाच की. गप नको बसू."

"पोथी चुकली गं पोरी."

"जे हाय ते वाच."

वाचलं. त्याच आवाजात. नदीला पाणी चढलंय, कोकरू पलीकडं, नकुशी अलीकडं. नर्स आली म्हणून थांबले, तर पलीकडच्या खाटेवरची भागुबाई ओरडली, "आवो मावशी, पोरगी पाण्यात उभी हाय, थांबता काय?" मोनिकानं तोंड वळवलं. माझ्याकडं नाही, पुस्तकाकडं.

हे कुणाकडं पोचतं? देवाकडं की गुरुजींकडं? कुठल्या खात्याला जमा धरायचं?

संध्याकाळी रंगुबाईला फोन करून सांगून टाकलं. ती रडली. म्हणाली, मास्तर पुस्तक मागायला आलेत, त्यांना सांगते. म्हटलं नको सांगू. त्यांना हसू येईल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजची रात्र जाऊ द्या.

१८ ऑगस्ट, बुधवार

रात्र गेली. बाळानं चमच्यानं थेंबभर दूध घेतलं. पेटीतच आहे अजून, पण घेतलं.

दुपारी वॉर्डच्या दारात शंकरराव. अनवाणी. पोथी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. वाटेत न्हावऱ्याला एसटीचा कंडक्टर म्हणाला म्हणे, बाबा, जागा झालीय, बसा. मास्तर दौंडपर्यंत उभेच. "मांडीवर ठेवलेली चालते का, ते मला ठाऊक नव्हतं." सातवा दिवस आहे, हेही रंगुबाईकडून समजून घेतलेलं. मला विचारतात, "आता हिला कुठं ठेवू?"

मी हातानं खूण केली, थांबा. नकुशी कमरेएवढ्या पाण्यात होती, आणि सगळ्या खाटा ऐकत होत्या.