पहिल्यांदा शांती आली होती

मुलुंड (पूर्व)
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय धोंडिराममामा,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? आईची तब्येत बरी आहे. माझं अंधेरीच्या छापखान्यातलं काम नीट चालू आहे. फोनवर मी अडखळतो आणि तुम्ही मध्येच बोलता, म्हणून लिहितो आहे.

दर्शनाशी लग्नाचं नाव काढलं की आई म्हणते, "दादाची नाणी नको म्हणाली ना!" मामा, मला राग आला आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

आपल्या घरात पत्रिका नाही, मुहूर्त नाही. आजोबांनी पंचांग चुलीत घातलं, हे तुम्हीच अभिमानाने सांगता. मग नाणी टाकून कौल घ्यायची ही चिनी चिन्हं कशी चालली? "अरे, चीनचं म्हणजे बुद्धाचंच, आपलंच," असं तुम्ही म्हणालात. त्या चिन्हांचं पुस्तकही तुम्हीच वाचायला दिलंत. माझी शाळा नववीत सुटली, पण ही चिन्हं बुद्धाच्या कितीतरी आधीची आहेत, एवढं त्यात मला वाचता आलं.

त्या रविवारी घाटकोपरला तुम्ही माझ्या लग्नासाठी तीन नाणी टाकत होता आणि दर वेळी तुम्ही सांगाल तशी, अखंड किंवा तुटक, एकेक रेघ मी खालून वर काढत होतो. रुक्मिणीमामी म्हणाली, "अहो, पोराला मुलगी आवडली, मुलीला पोरगा आवडला. आता नाण्यांची पसंती घेताय काय?" तुम्हीसुद्धा हसलात.

सहा रेघा झाल्या. खाली तीन अखंड, म्हणजे आकाश. वर तीन तुटक, म्हणजे पृथ्वी. चिन्हाचं नाव 'शांती'. आकाश वर चढू पाहतं, पृथ्वी खाली उतरू पाहते, म्हणून दोघांची भेट होते, असा अर्थ दिला आहे. मी तो मोठ्याने वाचला. तुम्ही म्हणालात, "आकाश खाली? हे उलटं झालं. एक नाणं गादीला लागलं होतं. परत टाकू."

नाणं गादीला लागलं नव्हतं, मामा.

दुसऱ्यांदा 'तंटा' आला. वर आकाश, खाली पाणी. एक वर जातं, एक खाली वाहतं, भेट नाही. लगेच तुम्ही नाणी रुमालात बांधलीत. "बघ बाबा, माझ्या हातात काय आहे?"

सगळं तुमच्याच हातात होतं. तंटा आला नसता तर तुम्ही तिसऱ्यांदा टाकली असती!

एक शब्द त्या दिवशी कुणीच उच्चारला नाही. मीही इथवर टाळला. विधवा. दर्शनाचा नवरा कोरोनात गेला, तेव्हा पुण्यानुमोदनाला तुम्ही उभं राहून म्हणालात, या मुलीने पुन्हा लग्न करावं, समाजाने पुढे यावं. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. तिला ओळखतही नव्हतो, पण तुमचा अभिमान वाटला होता. समाज पुढे आला, मामा. तो तुमचाच भाचा निघाला, एवढीच अडचण ना? तोंडाने नको म्हणालात तर जयंतीला व्यासपीठावर काय बोलाल? म्हणून नाण्यांकडून म्हणवून घेतलंत.

दर्शनाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामांनी तोंडावर नको म्हटलं असतं ना, तर मी भांडले तरी असते रे. नाण्यांशी काय भांडू?"

मंगलपरिणय २३ नोव्हेंबरला विहारात आहे. भंतेजींशी बोलून झालं. आई म्हणते, दादा येणार नसेल तर मीही येणार नाही. म्हणजे तुम्ही माझ्या लग्नातून आईलाही नेता आहात. त्याआधी एकदा मुलुंडला या. दर्शनासमोर बसा आणि तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारा. त्यानंतरही नको म्हणावंसं वाटलं तर म्हणा.

आला नाहीत, तर तुमच्या जागी मी कुणालाही उभं करणार नाही. लोक विचारतील, मामा कुठे? मी चिन्हाचं नाव सांगणार नाही. खरं कारण सांगेन, जो जो विचारेल त्याला.

मामींना जय भीम.

तुमचं भाषण खरं मानलेला
तुमचा भाचा,
सम्यक